वारस नसलेली गादी: पोपच्या राज्याचा कारभार

१८५३ साली पोपच्या राज्यात शिरगणती झाली तेव्हा प्रजा भरली ३१ लाख २४ हजारांच्या वर. मुलूख साधारण ४१ हजार चौरस किलोमीटरचा. उत्तरेला पो नदी, दक्षिणेला तेर्राचिना, एका समुद्रावर चिवितावेक्कियाचं बंदर, दुसऱ्यावर आन्कोनाचं. शिवाय नेपल्सच्या राज्याच्या पोटात बेनेवेंतो आणि पोंतेकोर्व्हो असे दोन सुटे तुकडे. या मुलखात पोपचं नाणं चाले, पोपचे जकातनाके होते, पोपची फौज होती आणि पगारी जल्लादही होता. जोव्हान्नी बुगात्ती त्याचं नाव. १७९६ ते १८६४ या काळात त्याच्या हातून ५१६ जणांना देहदंड झाला. मधल्या वर्षांत फ्रेंचांचा अंमल आला, तेव्हा त्याने त्यांचंही काम केलं.

धर्मगुरू राजा कसा झाला, यावर पुष्कळ लिहिलं जातं. राजा झाल्यावर त्याने वसुली कशी केली, धान्य कसं पुरवलं, कर्ज कोणाकडून काढलं, यावर फार कमी. मला रस आहे तो या दुसऱ्या भागात, कारण तिथे कुठूनही शिरलं तरी वाट शेवटी एकाच अडचणीपाशी येते. या गादीला वारस नव्हता. राजा म्हातारपणी निवडून यायचा, आठ-दहा वर्षांत जायचा, आणि पुढचा राजा बहुधा त्याच्या विरोधी गटातला असायचा. राज्याचं बरंवाईट जे झालं, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीतून निघतं.

सुरुवात थोडक्यात. ७५१ मध्ये लोम्बार्डांनी रावेन्ना घेतलं आणि मध्य इटलीतला बायझंटाईन सम्राटाचा अंमल संपला. रोमवर संकट आलं तसा पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून फ्रँकांच्या राजाकडे, पेपिनकडे गेला. ७५४ मध्ये सेंट-डेनी इथे त्याने पेपिनला अभिषेक केला. बदल्यात पेपिनने लोम्बार्डांवर दोन स्वाऱ्या केल्या आणि ७५६ मध्ये रावेन्नाच्या बाजूची शहरं जिंकून पोपला दिली. शहरांच्या किल्ल्या आणि दानपत्र असं दोन्ही फुलराद नावाच्या मठाधिपतीने रोमला नेऊन सेंट पीटरच्या समाधीवर ठेवलं. मूळ मालक असलेल्या सम्राटाचे वकील मुलूख परत मागायला आले होते. पेपिनने त्यांना वाटेला लावलं.

हा मुलूख सम्राट कॉन्स्टंटाईननेच पूर्वी पोपला दिला होता, असं सांगणारा एक बनावट दस्तऐवज आठव्या शतकातच कोणीतरी तयार केला. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या पंडिताने त्याची चिरफाड केली. कागद चौथ्या शतकातला म्हणवतो, पण लॅटिन नंतरच्या काळातलं आहे. रोमच्या दरबारात ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, हजर आहेत. आणि जे कॉन्स्टँटिनोपल अजून वसलंच नव्हतं तिथल्या धर्मपीठाचा उल्लेख आहे. व्हाल्ला त्या वेळी आरागॉनच्या आल्फोन्सोच्या चाकरीत होता आणि आल्फोन्सोचं नेपल्सवरून पोपशी भांडण चालू होतं, हेही लक्षात ठेवावं. पुढे हाच व्हाल्ला पोपच्या दरबारी नोकरीला लागला. रोममध्ये असं चालायचं.

कागदावरचं हे राज्य प्रत्यक्षात यायला काही शतकं लागली. तिसऱ्या इनोसंटने (११९८ ते १२१६) स्पोलेतो आणि मार्के भागात खरा अंमल बसवायला सुरुवात केली. १३०९ ते १३७७ पोप फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्याँमध्ये राहिले. ते शहर सहाव्या क्लेमेंटने १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून ८० हजार फ्लोरिन मोजून विकत घेतलं होतं. तोवर इटलीतल्या गावोगावच्या सरदारांनी हातपाय पसरले. त्यांना वठणीवर आणायला पाठवलेल्या कार्डिनल आल्बोर्नोसने (कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, पोप निवडतात ते हेच) तलवारीपेक्षा टिकाऊ काम केलं ते कायद्याचं. १३५७ ची त्याची संहिता १८१६ पर्यंत लागू राहिली. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या ज्युलियसने स्वतः फौजेबरोबर जाऊन पेरुजा आणि बोलोन्या ताब्यात घेतली. फेर्राराच्या आणि उर्बिनोच्या घराण्यांना औरस वारस उरला नाही, तसे १५९८ आणि १६३१ मध्ये ते मुलूखही पोपकडे आले. दुसऱ्यांचा वंश खुंटला की पोपचं राज्य वाढायचं, हा त्यातला गमतीचा भाग.

आता कारभार. मोठ्या प्रांतावर कार्डिनल दर्जाचा लेगेट, म्हणजे पोपचा प्रतिनिधी, लहानावर गव्हर्नर. मुदत सहसा तीन वर्षं. तो बहुधा परमुलखातला, स्थानिक बोली आणि भांडणं त्याला नवी, आणि डोळा पुढच्या बढतीवर. १५९२ मध्ये आठव्या क्लेमेंटने ‘बुऑन गोव्हेर्नो’ नावाची समिती नेमली आणि प्रत्येक गावाने वर्षाचा जमाखर्चाचा तक्ता रोमला मंजुरीसाठी पाठवायचा, असा नियम केला. ठरल्यापेक्षा जास्त खर्च करायचा तर आधी परवानगी हवी. कागदावर उत्तम योजना. प्रत्यक्षात पूल पडला की अर्ज रोमला, तिथून शेरा गव्हर्नरकडे, गव्हर्नरचा अहवाल पुन्हा रोमला, आणि तोवर पावसाळा.

बोलोन्याचं प्रकरण वेगळंच. १४४७ मध्ये पाचव्या निकोलसने या शहराशी करार केला. त्यानुसार लेगेटला सिनेटच्या संमतीशिवाय आणि सिनेटला लेगेटच्या संमतीशिवाय काहीही ठरवता येत नसे. शिवाय रोममध्ये स्वतःचा राजदूत ठेवण्याचा हक्क शहराकडे होता. आपल्याच राज्यातलं शहर आपल्याच दरबारी वकील ठेवतं, हे पोपने साडेतीनशे वर्षं चालवून घेतलं. करार करून आत घेतलेला मुलूख करार पाळूनच टिकतो, एवढं भान त्या काळच्या पोपांना होतं.

आणि जिथे हे भान सुटलं तिथे काय झालं, ते पेरुजाने दाखवलं. मीठ ही सरकारी मक्तेदारी. १५४० मध्ये तिसऱ्या पॉलने मिठाचा भाव दर लिब्रामागे, म्हणजे साधारण ३४० ग्रॅममागे, तीन क्वात्रीनो (एक हलकं नाणं) वाढवला. आदलं वर्ष दुष्काळाचं. शिवाय शहराच्या जुन्या सवलतींना हा सरळ धक्का होता. पेरुजाने बंड केलं. पोपच्या मुलाच्या, पिएर लुईजी फार्नेझेच्या हाताखालची फौज आली आणि बंड मोडलं. मग पोपने बाल्योनी या बड्या घराण्याची वस्ती पाडून तिथेच शहराच्या उरावर ‘रोक्का पाओलिना’ हा किल्ला बांधला. आराखडा आंतोनियो दा सांगाल्लोचा. तोफांची तोंडं शहराकडे. उंब्रियातला पाव आजही अळणी असतो आणि लोक त्याचं कारण या मिठाच्या भांडणात सांगतात. ती लोककथा म्हणून ऐकावी. अळणी पाव शेजारच्या तोस्कानातही खातात, आणि तिथे पोपचं राज्य नव्हतं.

पोपला पैसा एवढा का लागायचा? सोळाव्या शतकाआधी मोठी आवक साऱ्या युरोपातून यायची: नेमणुकांची फी, दशांश, सवलतपत्रं. पुढे निम्मा उत्तर युरोप प्रोटेस्टंट झाला आणि उरलेल्या राजांनी आपापल्या देशातल्या चर्चचा पैसा आपल्याकडे वळवला. बोजा पडला तो मध्य इटलीतल्या रयतेवर. १५४३ मध्ये तिसऱ्या पॉलनेच ‘तीन वर्षांपुरता’ म्हणून एक कर बसवला. नावातच ‘त्रिएन्नाले’, म्हणजे त्रैवार्षिक, असं होतं. तो कायमचा झाला, हे वेगळं सांगायला नको.

एकदा मात्र घबाड लागलं होतं. कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी लागते, आणि ती यायची तुर्कांच्या ताब्यातल्या मुलखातून. १४६१ च्या सुमारास जोव्हान्नी दा कास्त्रोला रोमच्या वायव्येला तोल्फाच्या डोंगरात तुरटीचा दगड सापडला. पोपने खाणी मक्त्याने दिल्या; १४६६ मध्ये मक्ता फ्लोरेन्सच्या मेदिचींकडे गेला. तुर्की तुरटी विकत घेणाऱ्याला धर्मबहिष्कृत करू, अशी धमकीही जोडली. आत्म्याच्या अधिकाराने मालाची बाजारपेठ राखायचा हा प्रयत्न फार दिवस पुरला नाही. फ्लँडर्सच्या रंगाऱ्यांना परवडेना, चोरटा माल येत राहिला, आणि सतराव्या शतकात इंग्लंड आपली तुरटी आपणच काढू लागलं.

मग उरलं कर्ज. त्याचं तंत्र जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. १५२६ मध्ये सातव्या क्लेमेंटने ‘मोंते देल्ला फेदे’ नावाने दोन लाख दुकातांचं कर्ज उभारलं, व्याज दहा टक्के. मुद्दल लहान लहान भागांत तोडलेलं. एकेक भाग म्हणजे एक रोखा. एखाद्या ठरावीक कराचं उत्पन्न त्या व्याजासाठी आधीच बांधून ठेवलेलं. रोखा विकता येई, मुलाबाळांना देता येई. याच्या जोडीला दुसरा प्रकार होता, ‘व्हाकाबिली’. यात रोखा धारकाच्या हयातीपुरता. तो मेला की मुद्दल सरकारजमा. म्हणून त्यावर व्याज जास्त.

तिसरा प्रकार पदविक्रीचा. लेखनिक, सचिव, मानाचे सरदार अशी पदं रोख पैसे घेऊन तहहयात विकायची आणि विकत घेणाऱ्याला फीच्या उत्पन्नातून वाटा द्यायचा. दहाव्या लिओने १५२० मध्ये ‘सेंट पीटरचे सरदार’ ही नवी मंडळी केली, तीत ४०१ जागा. १५२१ मध्ये तो वारला तेव्हा विकाऊ पदं दोन हजारांच्या वर गेली होती. नाव पदाचं, काम बहुतेकदा काहीच नाही. समजा हजार स्कुदोला (स्कुदो हे पोपच्या राज्यातलं नाणं) पद विकलं आणि वर्षाला शंभर-सव्वाशे द्यावे लागले, तर धारक आठ-दहा वर्षांत मेला तरच सरकार फायद्यात. तरुण माणसाने पद घेतलं की खजिन्याच्या छातीत धस्स.

इथे वारसाचा प्रश्न उभा राहतो. वंशपरंपरेच्या राजाला काढलेलं कर्ज फेडण्याचा घोर आपल्या मुलासाठी तरी असतो. पोपला तो नव्हता. आज रोखे विकले तर पैसा आज हातात येतो, व्याज पुढच्या माणसाने भरायचं. तरी सावकार पुढे यायचे, कारण पोप बदलला तरी खजिना, म्हणजे ‘अपोस्तोलिक चेंबर’, तोच राहायचा आणि आधीच्या पोपचं कर्ज नाकारत नसे. जिनोव्हाच्या आणि फ्लोरेन्सच्या पेढ्यांनी यावर भरपूर कमावलं. पतच चांगली असल्यामुळे कर्ज फुगत गेलं, असा हा उलटा मामला.

पाचवा सिक्स्टस (१५८५ ते १५९०) शिस्तीचा म्हणून ख्यातनाम. दरोडेखोरांची डोकी पुलावर टांगणारा, सेंट पीटरसमोर सव्वातीनशे टनांचा इजिप्शियन स्तंभ ९०० माणसं, घोडे आणि ४० रहाट लावून उभा करून घेणारा. त्याने सांत आंजेलोच्या किल्ल्यात ४० लाखांहून जास्त स्कुदो पेट्यांत कुलूपबंद केले आणि कुठल्या संकटात ते काढायचे याचे कडक नियम घालून दिले. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पण त्यातला बराच पैसा त्याने नवी पदं विकून आणि नवे रोखे काढून जमवला होता. म्हणजे व्याजाने पैसा आणायचा आणि पेटीत बंद करून ठेवायचा. बाजारातलं सोनं-चांदी आटलं, व्याज चालूच राहिलं. उरलंसुरलं अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या खंडणीत गेलं.

रोमच्या पावाची गोष्ट याच चालीची. शहराला धान्य पुरवण्यासाठी ‘आन्नोना’ हे खातं होतं. स्कुदोचे शंभर बायोक्को. एका बायोक्कोला एक पाव, हा भाव पक्का. धान्य महागलं तर पावाचं वजन कमी करायचं, भाव बदलायचा नाही. अठराव्या शतकात बराच काळ हे वजन आठ रोमन औंस, म्हणजे २२६ ग्रॅमच्या आसपास ठेवलं गेलं. वजन घटलं की लोक रस्त्यावर येत, म्हणून आन्नोना महागाईत बेकरीवाल्यांना तोट्यात धान्य देई. स्वस्ताईत तेच जुनं महाग धान्य बेकरीवाल्यांच्या गळ्यात मारून तोटा भरून काढी. शेतकऱ्याने पिकाचा आकडा कळवायचा, ठरल्या भावाने काही भाग सरकारला द्यायचा, आणि राज्याबाहेर विकायचं तर परवाना काढायचा. परवाने ज्यांच्या हाती ते गब्बर झाले. जमीनदारांनी हिशेब केला तेव्हा नांगरापेक्षा मेंढ्या परवडल्या. रोमच्या भोवतालची सपाट जमीन कुरणं झाली, मलेरिया होताच. १७६३-६४ च्या दुष्काळात आन्नोनाला बाहेरून मिळेल त्या भावाने धान्य आणावं लागलं आणि खातं कर्जात बुडालं. अखेर १८०१ मध्ये सातव्या पायसने धान्याचा व्यापार मोकळा केला.

आता पुतणे. काका-पुतण्याचं राजकारण महाराष्ट्राला शिकवायला नको. पण रोममध्ये ते नियमाने चाले. पोप निवडून आला की आठवड्या-पंधरवड्यात त्याचा एक पुतण्या किंवा भाचा कार्डिनल होई आणि राज्याचा मुख्य कारभारी म्हणून बसे. याला निव्वळ लोभ म्हणणं सोपं आहे. नव्या पोपला दरबारात जो तो माणूस भेटायचा तो जुन्या पोपने नेमलेला. विश्वासाचं कोण? घरचं. आणि घरच्यांनाही ठाऊक की म्हातारा पाच-दहा वर्षांचा सोबती. तेवढ्यात जमीन, राजवाडा, जहागीर, लग्नसंबंध असं सगळं उरकायचं. बोर्गेझे, बार्बेरिनी, पांफिली यांचे रोममधले वाडे आणि बागा हे अशा घाईतून उभे राहिले.

आठवा अर्बन बार्बेरिनी. १६२३ ते १६४४, एकवीस वर्षं, म्हणजे नेहमीच्या मानाने फारच. एक पुतण्या मुख्य कारभारी, दुसराही कार्डिनल, तिसरा ताद्देओ रोमचा प्रिफेक्ट आणि सेनापती. गादीवर आला तेव्हा कर्ज सुमारे एक कोटी ६० लाख स्कुदो. त्याच्या कारकिर्दीत ते दुपटीच्या घरात गेलं. रोममधल्या पँथिऑन या जुन्या देवळाच्या मंडपातलं प्राचीन कांसं काढून किल्ल्यासाठी तोफा ओतल्या. मग कास्त्रोचं भांडण निघालं. कास्त्रो ही रोमजवळची फार्नेझे घराण्याची जहागीर. ड्यूक ओदोआर्दोने रोममध्ये रोखे काढून कर्ज उचललं होतं आणि ते फेडायचं कास्त्रोचं धान्य रोमला विकून. पोपने त्या धान्याची आवक बंद केली. उत्पन्न थांबलं, हप्ते थकले, सावकार ओरडले, आणि सावकारांचा पैसा वसूल करून द्यायच्या निमित्ताने १६४१ मध्ये पोपची फौज कास्त्रोत शिरली. धान्याचा परवाना, कर्जरोखा आणि पुतण्याची सेनापतिपदाची हौस, तिन्ही एकाच लढाईत. मग व्हेनिस, तोस्काना आणि मोदेना ड्यूकच्या बाजूने उतरले, खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १६४४ मध्ये कास्त्रो परत करावं लागलं. पुढच्या पोपने बार्बेरिनींचे हिशेब तपासायला काढले, तसे पुतणे फ्रान्सला पळाले. त्याच पुढच्या पोपने, दहाव्या इनोसंटने, १६४९ मध्ये कास्त्रो जमीनदोस्त केलं. १६९२ मध्ये बाराव्या इनोसंटने कायदा करून या प्रथेला आळा घातला: पोपचा जास्तीत जास्त एकच नातलग कार्डिनल होईल आणि त्याचं उत्पन्न वर्षाला १२ हजार स्कुदोंपलीकडे नसेल.

सगळ्यात नाजूक काळ मात्र एक पोप मेल्यापासून दुसरा येईपर्यंतचा. कामेर्लेंगो नावाचा कार्डिनल तात्पुरता कारभार पाही, त्याच्या नावाची नाणीही पाडली जात. मृताची अंगठी मोडली जाई, म्हणजे जुन्या मुद्रेने कोणी खोटे हुकूम काढू नयेत. न्यायालयं जवळजवळ बंद, तुरुंग मोकळे करायची प्रथा, जुनी वैरं चुकती करायला हीच वेळ. १५५९ मध्ये चौथा पॉल गेला तेव्हा लोकांनी इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाची, कचेरी जाळली, कैदी सोडवले आणि पोपच्या पुतळ्याचं मुंडकं रस्त्यातून फिरवलं. ज्यूंना कोंडवाड्यासारख्या मोहल्ल्यात राहायला लावणारा फतवा याच पॉलने १५५५ मध्ये काढला होता. तो मोहल्ला मात्र टिकला.

ऑगस्ट १५९० ते डिसेंबर १५९१ या सतरा महिन्यांत चार पोप वारले. सिक्स्टसनंतर आलेला सातवा अर्बन तर दोन आठवडेही टिकला नाही. त्याच काळात दुष्काळ होता आणि मार्को शार्रासारखे दरोडेखोर शेकडो माणसं घेऊन मुलखात फिरत होते. सिक्स्टसने बसवलेली जरब त्याच्याबरोबरच गेली. कडक राजाची शिस्त संस्थेत मुरायला दोन पिढ्या लागतात. इथे दोन वर्षंही मिळाली नाहीत. निवडणूक लांबली तर आणखी हाल. १७४० ची सहा महिने चालली.

त्यातच ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि स्पेनच्या राजांना नको असलेल्या उमेदवाराचं नाव एका कार्डिनलकरवी खोडता येई. हा हक्क शेवटचा वापरला गेला १९०३ मध्ये, ऑस्ट्रियाकडून. पुढच्या वर्षी दहाव्या पायसने तो मोडीत काढला.

शेवटची सत्तर वर्षं परक्यांच्या संगिनींवर गेली. १७९७ च्या तोलेंतिनोच्या तहात नेपोलियनने बोलोन्या, फेर्रारा, आव्हिन्याँ आणि जबर खंडणी घेतली, वर शंभर कलाकृती. १८०९ च्या जुलैमध्ये सातव्या पायसला त्याच्या राजवाड्यातून उचलून नेलं. १८१५ मध्ये कार्डिनल कोन्साल्वीने व्हिएन्नाच्या वाटाघाटीत जवळजवळ सगळं परत मिळवलं, हा त्याच्या मुत्सद्देगिरीचा विजय. पण फेर्रारात ऑस्ट्रियाची शिबंदी बसली. वीस वर्षं फ्रेंच पद्धतीने कारभार पाहिलेले वकील, डॉक्टर, अधिकारी आता पुन्हा पाद्र्यांच्या हाताखाली आले. वरची पदं धर्मदीक्षा घेतलेल्यांनाच. १८३१ मध्ये उठाव झाले तेव्हा युरोपातल्या पाच सत्तांनी मिळून निवेदन दिलं की निदान सामान्य लोकांना अधिकारपदं द्या. सोळाव्या ग्रेगरीने ते बाजूला ठेवलं. रेल्वेलाही त्याची ना होती. रोमची पहिली आगगाडी, फ्रास्कातीपर्यंतची, १८५६ मध्ये सुटली, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

नवव्या पायसने आधी सुधारणा केल्या. नोव्हेंबर १८४८ मध्ये त्याच्या मंत्र्याचा, पेल्लेग्रीनो रोस्सीचा खून झाला आणि पोप साध्या पाद्र्याच्या वेशात गाएताला पळाला. फ्रेंच फौजेने त्याला गादी परत मिळवून दिली, तीही राखली फ्रेंचांनीच. १८५८ मध्ये बोलोन्यात एका ज्यू कुटुंबातला सहा वर्षांचा एदगार्दो मोर्तारा पोलिसांनी उचलून नेला, कारण मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता आणि पोपच्या कायद्याने ख्रिस्ती मूल ज्यू घरात वाढू शकत नव्हतं. युरोपभर संताप उसळला. दोन वर्षांत रोम आणि आसपासचा भाग सोडून बाकी राज्य सार्डिनियाने घेतलं; त्याचंच पुढच्या वर्षी इटलीचं राज्य झालं.

१८७० मध्ये प्रशियाशी युद्ध लागलं आणि फ्रान्सने आपली शिबंदी परत बोलावली. २० सप्टेंबरला पहाटे इटलीचा सेनापती कादोर्नाच्या तोफांनी रोमच्या पोर्ता पिया या वेशीजवळचा तट फोडायला सुरुवात केली. इटलीचे सुमारे ५० हजार, पोपचे १३ हजार. तटाला खिंडार पडलं की शरण जा, असं पोपने सेनापती कान्त्स्लरला आधीच लिहून दिलं होतं. जबरदस्ती झाली एवढं जगाला दिसलं म्हणजे पुरे. दहाच्या सुमारास पांढरं निशाण लागलं. इटलीचे ४९ आणि पोपचे १९ मेले. २ ऑक्टोबरच्या सार्वमतात इटलीच्या बाजूने १,३३,६८१ मतं पडली, विरोधात १,५०७. इटलीने १८७१ मध्ये वर्षाला ३२ लाख २५ हजार लिरांची नेमणूक देऊ केली. पोपने ती घेतली नाही. तडजोड झाली ती थेट ११ फेब्रुवारी १९२९ ला, मुसोलिनीशी: ४४ हेक्टर जागा, ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटींचे पाच टक्क्यांचे रोखे. यावेळी रोखे घेणारा पोप होता.

मधली ५९ वर्षं पोपकडे राज्य नव्हतं, तरी राजदूत येत होते आणि करार होत होते. आपल्याकडच्या एका जुन्या तंट्याचा निकाल याच काळात लागू लागला. गोवा, वसई, मुंबईत पोपचं राज्य कधीच नव्हतं. इथे बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, त्यालाच पाद्रोआदो म्हणतात. रोमने १६२२ मध्ये प्रोपागांदा फिदे हे धर्मप्रसाराचं खातं काढून या हक्काला बगल द्यायला सुरुवात केली. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो यांना पोर्तुगीज पुढे येऊ देत नव्हते. ते रोमला गेले, १६३७ मध्ये बिशप झाले आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत येऊन बसले. मुंबईत पुढे पाद्रोआदोची चर्चं आणि प्रोपागांदाची चर्चं असे सरळ दोन तट पडले. १८८६ मध्ये तेराव्या लिओने पोर्तुगालशी करार केला, तेव्हा त्याच्या हाती जमिनीचा तुकडाही नव्हता. १९२८ मध्ये ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. पहिले आले पोर्तुगीज जोआकिम लिमा, मग इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईपुरता हा हक्क सोडला आणि त्याच वर्षी त्या जागी वॅलेरियन ग्रेशियस आले.